संगप्पाचा पिवळा नॅपकिन

वेणीमाधव कामतीकरांना बसायला जागा मिळत नव्हती, याचं त्यांना मुळीच दुःख नव्हतं. सकाळच्या सोलापूर–अक्कलकोट गाडीत जागा मिळते ती पूर्वजांच्या पुण्याईनं, आणि आपल्या पूर्वजांनी तेवढी शिल्लक मागं ठेवलेली नाही हे कामतीकरांनी कधीच मान्य केलं होतं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर निम्मं सोलापूर रोज स्वामींच्या दर्शनाला निघतं. त्यात शाळा-कॉलेजची पोरं, दवाखान्यात डबा घेऊन जाणारे, कुंभारीला उतरणारे, वळसंगला चढणारे आणि कुठंच न उतरता नुसते दारात लोंबकळणारे. या गाडीत एक पाय नीट टेकला तरी माणूस दिवसभर खुशीत असतो. तेव्हा उभं राहण्याबद्दल कामतीकरांची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती, की संगप्पा बिराजदारला बसायला मिळत होतं.

बरं, तो धक्काबुक्की करून बसत असता तर एक वेळ चाललं असतं. धक्काबुक्की करणाऱ्याला माणूस मनातल्या मनात शिव्या तरी घालू शकतो. संगप्पा यायचा सगळ्यात शेवटी, गाडी घुरघुरायला लागल्यावर, चहाचा शेवटचा घोट घेत, सासुरवाडीला आल्यासारखा. आणि दाराजवळची पहिली सीट, खिडकीची, त्याची वाट बघत असायची. तिच्यावर एक पिवळाधमक नॅपकिन अंथरलेला. हा नॅपकिन तो स्वतः टाकत नसे. तो कायमचा काशम्माकडे ठेवलेला होता. काशम्मा म्हणजे कडक भाकरीची टोपली घेऊन रोज अक्कलकोटला विकायला जाणारी बाई. टोपली ठेवायची म्हणून ती गाडीत सगळ्यात आधी चढायची, आधी नॅपकिन पसरायची आणि मग टोपली ठेवायची. पोटापाण्याच्या टोपलीआधी नॅपकिन, इथवर मजल गेली होती.

आता नॅपकिन टाकून जागा धरणं हा सोलापुरात कायदाच आहे. बाहेरगावचे लोक रुमालावर भागवतात, पण जिथं घराघरातून टॉवेल निघतात तिथं रुमाल कोण विचारतो. कामतीकरांनी एकदा हा कायदा वापरून पाहिला होता. गाडी फलाटाला लागताना त्यांनी खिडकीतून आपला पांढरा, इस्त्रीचा, घडी केलेला रुमाल आतल्या सीटवर टाकला आणि मग सभ्यपणे रांगेतून चढले. आत गेल्यावर त्या सीटवर बसलेल्या माणसानं हसून रुमाल त्यांच्या हातात दिला.

"भाऊसाहेब, तुमचा रुमाल पडला होता."

वर कामतीकरांना "आभारी आहे" म्हणावं लागलं.

अक्कलकोटच्या हायस्कुलात ते हेडक्लार्क. या गाडीनं ते इतकी वर्षं जात होते, की गाडीचा चौथा पत्रा कुठं खडखडतो आणि कुठल्या खिडकीची काच मुक्कामाला जाईपर्यंत बंद होत नाही हे त्यांना तोंडपाठ होतं. संगप्पा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात बदलून आला तो अलीकडे, मागच्या श्रावणात. वर्षभरात त्यानं असं काय केलं? शेंगाचटणीचा डबा फिरवला. काशम्माशी कानडीत बोलला, मागच्या बाकावरच्या पद्मशाली बायकांशी तेलुगूत, फळवाल्या चाचांशी दखनीत. कुणाच्या पोराला ताप आला तर दुसऱ्या दिवशी विचारलं. झालं. गाडी त्याची. कामतीकरांना एकच मराठी येत होती आणि तीसुद्धा शासकीय. "आपण कृपया थोडं पुढे सरकाल का" असं ते म्हणायचे, तेव्हा लोकांना वाटायचं हे दुसऱ्या कुणाला तरी सांगतायत.

मनातली गोष्ट सांगायची तर त्यांना सीट नकोच होती. गाडीत शिरताना एकदा कुणीतरी म्हणावं, "अहो इकडं या, तुमच्यासाठी धरलीय." एवढंच. रोज घरून निघताना त्यांना वाटायचं की आज म्हणतील, आणि रोज वळसंगपर्यंत त्यांचं तोंड उतरायचं.

एवढं सोसलं असतं, पण खंडेनवमी जवळ आली.

खंडेनवमीला या गाडीची पूजा होते. एसटी करते ती वेगळी, ही रोजच्या जाणाऱ्या-येणाऱ्यांची. गाडीला हार घालायचा, पुढच्या काचेला हळदीकुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि निघताना नारळ फोडायचा. नारळ फोडायचा मान पोस्टातल्या एका मास्तरांचा होता. ते निवृत्त झाले, जागा रिकामी झाली. कामतीकरांच्या मनात यात काही प्रश्नच नव्हता. सेवाज्येष्ठतेनं मान त्यांचा. शाळेत शिपायाची बदलीसुद्धा सेवाज्येष्ठतेनं होते, नारळाची का होऊ नये?

दहा दिवस आधी भर गाडीत काशम्मानंच विषय काढला. "औंदा नारळ कुनी फोडायचा?"

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "अण्णा." मग मधूनही आला, "अण्णाच." अण्णा म्हणजे संगप्पा. दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. संगप्पा काहीतरी बोलायला उठत होता, तेवढ्यात हायस्कूलचा थांबा आला आणि कामतीकर उतरून गेले. पुढं तो काय म्हणाला ते ऐकायला ते थांबले नाहीत. दुपारी त्यांनी एका पालकाला बोनाफाइडसाठी तीनदा परत पाठवलं, आणि संध्याकाळी गाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. बाहेर पडून बराच वेळ ते फोनकडं बघत बसले, कुणी 'का हो' म्हणून विचारतंय का. ग्रुपवर विचारत असतीलही, पण ग्रुपवरचं आता त्यांना दिसणार कसं? हे त्यांच्या ध्यानात जेवायच्या वेळी आलं.

"त्या संगप्पानं तुमचं काय घोडं मारलंय?" प्रेमलाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं.

"घोडं मारलं असतं तर परवडलं असतं," कामतीकर म्हणाले. "माणूस काही वाईट करत नाही, हाच त्याचा वाईटपणा आहे."

शुक्रवार पेठेत समोरच्या घरात आप्पा राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. एसटीतला कुठलाही प्रश्न आपल्याला विचारल्याशिवाय सुटू शकत नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी कट्ट्यावर बसून सगळी हकिगत ऐकली, दाढी खाजवली आणि निकाल दिला.

"भाऊसाहेब, मान मागून मिळत न्हाय, मान घ्यायचा असतो. लोक यायच्या आत तुमी गाडी सजवून टाका. अशी सजवा, की लोकांचे डोळे फिरले पायजेत. अन् नारळ हातात धरून दारात उभे ऱ्हावा. तुमच्या हातातला नारळ कोन काढून घेतंय बघू."

"पण गाडी ओळखायची कशी? पहाटे फलाटाला चार-पाच लागलेल्या असतात."

"आपली गाडी ओळखू येत न्हाय व्हय? बोर्डावर जाऊ नका, बोर्ड काय, कुनीबी बदलतंय. खुणंवर जावा."

खुणा तर कामतीकरांना पाठ होत्या. इथवर सगळं ठीक होतं. यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त एक क्लार्कच करू शकतो. ते परवानगी मागायला गेले.

चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस म्हणाला, "पूजा करायचीय? करा की. कोन नको म्हनतंय?"

"नाही, पण सजावट करायची आहे. पहाटे. केळीचे खुंट वगैरे. त्याला रीतसर परवानगी लागत असेल ना?"

तो माणूस आतापर्यंत आरामात बसला होता. 'परवानगी' शब्द ऐकल्यावर सावरून बसला. "लागत असेल," तो म्हणाला. "डेपोत विचारा." डेपोत सांगितलं, गाडी स्टँडवर उभी असेल तर स्टँडची परवानगी. स्टँडवर सांगितलं, गाडी डेपोची आहे. पुन्हा डेपोत गेल्यावर तिथल्या भाऊसाहेबांनी अर्ज मागितला, दोन प्रतीत, गाडीच्या खुणांसह. कामतीकर बाहेरच्या बाकड्यावर बसून अर्ज लिहीत होते, तेव्हा आतले भाऊसाहेब डबा खात होते आणि कामतीकरांकडं बघत नव्हते. हे न बघणं कामतीकरांना ओळखीचं होतं. रोज दुपारी ते स्वतः पालकांकडं अस्संच बघत नसत. आपण करताना ते इतकं लागत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटी अर्जावर शेरा मिळाला : 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.' याचा अर्थ काहीही होत नाही, हे कामतीकरांना माहीत होतं, कारण हा शेरा ते आयुष्यभर मारत आले होते. तरी पण अर्जाची एक प्रत स्टँडच्या कंट्रोलरकडं गेली, आणि ती पुढं नडली.

खंडेनवमीच्या पहाटे कामतीकर स्टँडवर हजर झाले. बरोबर केळीचे दोन खुंट, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, पूजेचं ताट, नारळ आणि प्रेमलाबाईंची चांगल्यातली ओढणी. 'ओढणी परत आली नाही तर तुम्हीही परत येऊ नका' असं त्यांना निघताना सांगितलं होतं. गाडी उभी होती. खडखडणारा चौथा पत्रा, न लागणारी काच, सगळं जागेवर. त्यांनी बादलीनं पाणी आणून आधी गाडी धुतली. घरची स्कूटर कधी धुतली नव्हती. मग पुढं दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, खिडक्यांवरून माळा सोडल्या. पहिल्या सीटच्या खिडकीला तर त्यांनी जास्तच मन लावलं. माळा, डहाळे, वर ओढणीची झालर. आतून बाहेरचं आणि बाहेरून आतलं काही दिसेना, इतकी ती खिडकी सजली. आत जाऊन त्यांनी गाडीच्या गणपतीला कुंकू लावलं, ताट मांडीवर घेतलं आणि त्या पहिल्या सीटवर टेकले. संगप्पाच्या सीटवर. नॅपकिन यायच्या आधी.

फार बरं वाटलं त्यांना. पाठ टेकली, पंख्याशिवाय वारा आला. आता येईल काशम्मा, मग तो येईल, बघेल, आणि आपण म्हणू, "या, संगप्पा, उभे राहा." हे वाक्य त्यांनी दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. रात्रभर झोप नव्हती. म्हणता म्हणता डोळा लागला.

त्यानंतर जे झालं ते त्यांना मागाहून अक्कलकोट गाडीच्या कंडक्टर वैष्णवी मॅडमनी सांगितलं. अकलूजची गाडी ऐन वेळी बिघडली. अकलूजचे लोक खोळंबून गोंधळ घालायला लागले. कंट्रोलर बाहेर आला, तर समोर एक गाडी धुतलेली, सजवलेली, नव्या नवरीसारखी उभी, आणि तिच्या नावचा अर्ज टेबलावर, योग्य त्या कार्यवाहीसह. "सणाची लांबची गाडी आहे, हीच जाऊ दे," असं म्हणून त्यानं ती अकलूजला काढली. अक्कलकोटसाठी कोपऱ्यातली एक धुळकट गाडी लावली. अकलूजची अख्खी गर्दी त्या सजवलेल्या गाडीत घुसली. झेंडूच्या आड कामतीकर झोपले होते.

त्यांना जाग आली ती घुसमटून. अंगावर एक पिशवी, पायावर एक पेटी, खांद्यावर कुणाचं तरी झोपलेलं पोर. आधी त्यांना आनंदच झाला, की आज आपली गाडी किती भरली. मग त्यांनी माळा बाजूला सारून बाहेर पाहिलं. कुंभारी दिसायला पाहिजे होती. दिसला पुण्याकडं जाणारा मोठा रस्ता.

"गाडी थांबवा," ते म्हणाले. उठायला गेले तर उठता येईना. आयुष्यात पहिल्यांदा बसायला मिळालं होतं आणि आता कुणी उठू देत नव्हतं.

कंडक्टर गर्दीतून सरकत आला. कामतीकरांनी पास पुढं केला.

"हा अक्कलकोटचा पास हाय. गाडी अकलूजला चाललीय."

"ही अक्कलकोटची गाडी आहे. आमची गाडी आहे ही. मी सजवलीय."

"लई भारी सजवलीय," कंडक्टर मनापासून म्हणाला. "मोहोळला थांबल, तिथं उतरा. तोवरचं तिकीट घ्या."

'मी सजवलीय' हे शब्द मात्र गाडीभर गेले. शेजारच्या म्हातारीनं आधी ताटाकडं पाहिलं, मग कपाळावरच्या गंधाकडं, आणि पोराला त्यांच्या पायांवर घातलं. मागच्यांनी कुंकू मागितलं. कामतीकर बसल्या जागेवरून हात लांब करून कुंकू लावत सुटले. एकानं ताटात नाणं टाकल्यावर त्यांनी "अहो, मी हेडक्लार्क आहे" असं सांगितलं. "असंना का, महाराज," तो म्हणाला आणि दुसरं टाकलं.

मोहोळला ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि त्यांना उतरूच देईना. "पूजा झाली अन् नारळ न्हाय फुटला? अशी गाडी मी म्होरं नेत नसतो."

मग काय, मोहोळच्या स्टँडवर भर गर्दीत कामतीकरांनी नारळ हातात घेतला. पहिल्या फटक्याला तो हातातून सटकून गाडीखाली गेला. अकलूजचे दोन बागायतदार गुडघ्यावर बसून तो काढून द्यायला लागले. दुसऱ्या फटक्याला दगड फुटला. तिसऱ्याला नारळ. टाळ्या पडल्या. म्हातारीनं आपल्या पिशवीतला नवा टॉवेल काढून त्यांच्या खांद्यावर घातला, कुणीतरी फोटो काढला, आणि सगळी गाडी "महाराज, अकलूजपर्यंत चला की, तिथून परत पाठवतो" म्हणून आग्रह करायला लागली. त्यांच्यासाठी पहिल्या सीटवर आता पिशव्या ठेवून जागा धरली होती. दोघं जण तिच्या राखणीला उभे होते.

ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं कामतीकरांना मिळालं होतं. नारळ, मान, टाळ्या, धरलेली जागा. आणि त्यांच्या मनात एकच आलं. हे बघायला संगप्पा नाही.

गाडी गेली. झेंडू गेला, केळीचे खुंट गेले, प्रेमलाबाईंची ओढणीही खिडकीत फडफडत अकलूजला गेली. कामतीकर रिकामं ताट काखेत मारून परतीच्या गाडीत चढले आणि सोलापूरपर्यंत एका पायावर आले. पूजेसाठी बंद ठेवलेला फोन चालू केला, तर संगप्पाचे मिस्ड कॉल. एक नाही, दोन नाही, रांग लागली होती. खिजवायला केले असणार, असं म्हणून त्यांनी फोन पुन्हा खिशात टाकला. शाळेत किरकोळ रजा कळवली. कारण काय लिहायचं हे सुचेना, म्हणून 'धार्मिक' लिहिलं.

घरी प्रेमलाबाईंनी ओढणीबद्दल काय ऐकवलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. ते सगळं ऐकून कामतीकर भिंतीकडं तोंड करून पडले.

दिवेलागणीला दार वाजलं. दारात संगप्पा. हातात एक नारळ, अख्खा.

"भाऊसाहेब, बरे हाय ना तुमी? फोन उचलंना, म्हनून आलो बघा. काशम्मा तर रडायला लागली, म्हनली भाऊसाहेबांचं काय झालं."

कामतीकर उठून बसले. काशम्माला आपलं नाव माहीत आहे हीच त्यांना बातमी होती.

"हा नारळ?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच की. न्हाय फोडला. तुमी न्हाय तर फोडनार कोन?"

"नारळ तुम्ही फोडणार होता. अण्णा, अण्णा, म्हणून ओरडले ना सगळे."

"वरडले. मी उटून म्हनलो की, आवो मी कालचा आलेला, माझा कसला मान. ह्या गाडीत सगळ्यात जुनं मानूस भाऊसाहेब. सगळ्यांनी हो म्हनलं. पन तुमी उतरून गेलता." संगप्पा पाटावर बसला. "ग्रुपवरबी टाकलं. तर तुमी ग्रुपमध्ये न्हाय. म्हनलं फोनमध्ये काय बिघाड झाला असंल. मग ठरवलं, सकाळीच सांगू, तेवढीच गंमत. तुमच्यासाठी पैली सीट धरून ठिवली. माझाच नॅपकिन टाकला. गाडी लई धुळकट होती आज, काशम्मानं पदरानं पुसली सीट. वैष्णवी मॅडमनी गाडी जरा उशिरानं सोडली, तुमची वाट बघत."

"मग त्या सीटवर कोण बसलं?"

"कोन बसनार? तुमची होती की. रिकामी गेली अक्कलकोटपतूर. वळसंगला एक जन भांडायला उठला, पन काशम्मानं त्याला असं सुनावलं कानडीत, की त्यो म्होरल्या तीर्थ गावालाच उतरून गेला."

"आणि तुम्ही?"

"मी हुबा हुतो."

प्रेमलाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि कामतीकरांसाठी केलेले गरम धपाटे संगप्पाच्या ताटात वाढले. कामतीकर मनात हिशेब मांडायला लागले. तुडुंब भरलेल्या गाडीत एक सीट आपल्या नावानं रिकामी गेली. माणसं एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी होती आणि तिच्यावर कुणी बसलं नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी आपण मोहोळला. त्यांना खरोखर गहिवरून आलं. पण गहिवर ओसरायच्या आत दुसरा विचार आला. सीट आपल्या नावची, पण उभा कोण राहिला? अक्कलकोटपर्यंत? आता गाडीत उद्यापासून कुणाचं नाव निघणार? भाऊसाहेबांसाठी अण्णा उभे राहिले, असंच ना? म्हणजे आपली धरलेली जागासुद्धा शेवटी त्याच्याच खात्यात जमा.

"धपाटे लई भारी, वैनी," संगप्पा म्हणाला.

"घ्या ना आणखी," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि कामतीकरांच्या वाटचा शेवटचाही गेला.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि कामतीकर पुन्हा स्टँडवर आले. आपली जुनी गाडी अकलूजहून परत आली होती, माळांचे सुकलेले दोरे अजून लोंबत होते. ते नेहमीप्रमाणे सभ्यपणे रांगेतून चढले. आणि आतून काशम्माचा आवाज आला.

"भाऊसाब, हिकडं या. तुमची धरलीय."

पहिली सीट. पिवळा नॅपकिन. सगळी गाडी बघत होती. मागच्या बायका हसत होत्या, चाचांनी सलाम केला, कुणी आपट्याची पानं हातात दिली. इतक्या वर्षांनी ते वाक्य कानावर पडलं आणि कामतीकरांना काय करावं ते सुचेना. ते जाऊन बसले. खिडकी, वारा, सगळं होतं. आणि समोर, दांडीला धरून, हसत, संगप्पा उभा होता.

कुंभारी यायच्या आत कामतीकर उठले.

"तुम्ही बसा."

"छे छे. तुमची सीट हाय, भाऊसाहेब."

"त्या दिवशी तुम्ही उभे राहिलात. आज मी राहणार."

"आसं कसं? वयानं तुमी मोठे."

"वयाचा प्रश्न नाही. मी बसणार नाही."

"मग मीबी न्हाय."

दोघंही इरेला पेटले. अख्खी गाडी चेंगरून उभी, आणि मधोमध एक सीट रिकामी, पिवळ्या नॅपकिनसह. तिच्यावर दुसरं कुणी बसायला जाईना, कारण ती दोघांचीही होती. वैष्णवी मॅडम तिकीट कापता कापता दोनदा म्हणाल्या, "कुणीतरी बसा हो." वळसंगपर्यंत हे चाललं. मग काशम्माला कंटाळा आला. तिनं पायाशी ठेवलेली कडक भाकरीची टोपली उचलली आणि सरळ सीटवर ठेवली, खिडकीला लावून, नॅपकिननं झाकून.

अक्कलकोटपर्यंत टोपली बसून गेली. कामतीकर आणि संगप्पा एकाच दांडीला धरून उभे होते. वळणावर संगप्पाचा तोल गेला, तेव्हा कामतीकरांनी त्याला दंडाला धरून सावरलं. आपण सावरलं हे किती जणांनी पाहिलं, ते कळावं म्हणून त्यांनी हळूच मागं वळूनही बघितलं. मग त्यांची नजर टोपलीकडं गेली. तिला वारा लागत होता. कामतीकरांना तिचा थोडा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी ते अंधारातच उठले. प्रेमलाबाईंनी पांघरुणातून विचारलं, "इतक्या लवकर कुठं? पुन्हा गाडी सजवताय की काय? साडी देणार नाही मी."

"काही सजवत नाही." कामतीकर कपाटात शोधत होते. "आपल्याकडं एखादा नॅपकिन आहे का? चांगला मोठा. हिरवा असेल तर बरं, लांबून दिसतो."

"कशाला?"

"जागा धरायला. संगप्पासाठी."

प्रेमलाबाई उठून बसल्या. त्यांना भरून आलं. माणूस शेवटी निवळला, असं वाटलं त्यांना. "खरंच संगप्पासाठी? तुम्ही?"

"मग काय करणार," कामतीकर मोहोळचा टॉवेल काखेत मारून चप्पल घालत म्हणाले. "मी आधी पोचलो नाही, तर तो माझी धरून ठेवेल."